फोटोतले कुंकू काळे का दिसते?
लुई रुस्ले आणि ओल्या काचेची फोटोग्राफी

इतिहासाच्या पुस्तकांत एकोणिसाव्या शतकातील राजेरजवाडे, किल्ले, बाजार, घाट यांची चित्रे असतात. विद्यार्थी ती पाहतात आणि 'त्या काळी सगळे असेच होते' असे मनाशी धरून पुढे जातात. लेखी मजकुरावर शंका घ्यायला आपण मुलांना थोडेफार शिकवतो. बखर कोणी लिहिली, कधी लिहिली, हे विचारायला सांगतो. फोटोच्या बाबतीत मात्र आपण स्वतःच निर्धास्त असतो. फोटो यंत्राने काढलेला असतो, यंत्र खोटे कशाला बोलेल?

यंत्र खोटे बोलत नाही हे खरे, पण सगळे सांगतही नाही. १८६० च्या दशकातील कॅमेऱ्याला कुंकू आणि काजळ यांतला फरक कळत नव्हता. त्याला निळे आकाश आणि पांढरा ढग सारखेच दिसत. धावता घोडा त्याला दिसतच नसे. हे कॅमेऱ्याचे वेडेपण नव्हते. त्यामागे चांदीच्या क्षारांचे रसायनशास्त्र आणि प्रकाशाचे भौतिकशास्त्र होते. ते समजून घेण्यासाठी त्या काळी आपल्याकडे येऊन गेलेल्या एका फ्रेंच माणसाची गोष्ट उपयोगी पडेल. त्याचे नाव लुई रुस्ले.

मुंबईत उतरलेला अठरा वर्षांचा तरुण

रुस्लेचा जन्म १८४५ सालचा, दक्षिण फ्रान्समधील पेर्पिन्यां गावचा. १८६३ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, तो मुंबईला आला. सुवेझचा कालवा तेव्हा खुला व्हायचा होता. तो झाला १८६९ साली.

त्या वेळची मुंबई पैशाने फुगली होती. १८६१ पासून अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि त्यामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. हिंगणघाटचा कापूस त्या काळी दूरवर नावाजलेला होता. वर्धा जिल्हा १८६२ साली स्थापन झाला, पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ साली वर्धा शहराची आखणी झाली आणि पुढच्याच वर्षी नागपूरपर्यंत रेल्वे धावू लागली. या घाईमागे कापूस हे मोठे कारण होते. याच कापसाची गाठ पुढे फोटोग्राफीशीही पडणार आहे.

रुस्ले मुंबईत आला तेव्हा हे शहर फोटोग्राफीला मुळीच नवखे नव्हते. दागेरच्या पद्धतीची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली आणि पंधरा वर्षांच्या आत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील नामांकित फोटोग्राफर झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले डॉक्टर. ते फोटोग्राफिक सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते आणि मुंबईतील नाना व्यवसायांच्या लोकांचे फोटो त्यांनी काढले. फोटोग्राफी म्हणजे साहेबांचा छंद, अशी जी समजूत असते ती मुंबईपुरती तरी खरी नाही. औषधशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेल्या आपल्या माणसांनी हे तंत्र फार लवकर हाती घेतले होते.

रुस्लेने फोटोग्राफीचे धडे भारतात आल्यावरच गिरवले. त्याला या देशातील वास्तू, संस्थानिकांचे दरबार आणि माणसे यांची अचूक चित्रे फ्रान्सला न्यायची होती. हाताने काढलेल्या रेखाटनांवर युरोपातील वाचक किती विश्वास ठेवणार? म्हणून त्याने कॅमेरा धरला. घारापुरी आणि साष्टीच्या लेण्यांपासून सुरू झालेला त्याचा प्रवास बडोदा, उदयपूर, जयपूर, ग्वाल्हेर, भोपाळ, सांची असा वळणे घेत पाच वर्षे चालला. १८६८ साली तो मायदेशी परतला.

कापसापासून काचेपर्यंत

त्या काळी फिल्म नव्हती. फोटो काचेवर काढत आणि ती काच फोटोग्राफरला स्वतः, जागेवर, फोटो काढण्याच्या काही मिनिटे आधी तयार करावी लागे. ही पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने १८५१ साली प्रसिद्ध केली. तिला ओल्या कोलोडियनची पद्धत म्हणतात.

कोलोडियन म्हणजे काय? साध्या कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. हेच जास्त नायट्रेट झाले तर स्फोटक बनते, म्हणून त्याला 'बंदुकीचा कापूस' असे नाव पडले. कमी नायट्रेट झालेला कापूस इथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळतो आणि मधासारखा पातळसर चिकट द्रव मिळतो. तो पृष्ठभागावर ओतला की द्रावक उडून जातात आणि मागे पारदर्शक पापुद्रा राहतो. डॉक्टर मंडळी जखमेवर पापुद्रा धरवण्यासाठी हा द्रव वापरत असत. आर्चरने तो काचेवर ओतला.

आता क्रम पाहू. कोलोडियनमध्ये आयोडाइड आणि ब्रोमाइड क्षार आधीच मिसळलेले असत. काच स्वच्छ घासून एका कोपऱ्याला धरायची, मधोमध द्रव ओतायचा, चारही कोपऱ्यांपर्यंत तो सारखा पसरेल अशी काच हलकेच तिरपी करायची आणि उरलेला द्रव पुन्हा बाटलीत सोडायचा. पापुद्रा धरला की अंधाऱ्या तंबूत, पिवळ्या-नारिंगी उजेडात, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. तिथे पापुद्र्यातच सिल्व्हर आयोडाइड आणि सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म कण तयार होतात. हे कण प्रकाशसंवेदी असतात. ओली काच प्रकाशबंद चौकटीत घालून कॅमेऱ्याला लावायची आणि भिंगावरचे झाकण काही सेकंद हाताने काढून ठेवायचे.

या काही सेकंदांत काचेवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. जिथे प्रकाश पडला तिथल्या कणांत चांदीचे मोजकेच अणू सुटे झालेले असतात. याला सुप्त प्रतिमा म्हणतात. लगेच तंबूत परतून काचेवर फेरस सल्फेटचे द्रावण ओतले की ज्या ठिकाणी चांदीचे बीज पडले आहे तिथे आणखी चांदी साचते आणि चित्र उमटते. मग हायपो किंवा पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणाने न वापरलेले चांदीचे क्षार विरघळवून काढायचे, पाण्याने धुवायचे, वाळवायचे आणि वर रोगण चढवायचे. हे झाले निगेटिव्ह. त्यावरून कागदावर प्रत काढण्यासाठी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद वापरत. ही कागदाची युक्ती ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच माणसाने १८५० साली काढली होती. निगेटिव्हखाली हा कागद ठेवून दोन्ही उन्हात धरले की प्रत तयार होई.

थोडक्यात, एका फोटोला एक पूर्ण प्रयोगशाळा लागे आणि ती प्रयोगशाळा बैलगाडीवर, उंटावर किंवा मजुरांच्या डोक्यावर सोबत न्यावी लागे. काचा, भांडी, आम्ले, तंबू, तिपाई, पाण्याचे बुधले. हे वाहणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, काचा घासणाऱ्या माणसांशिवाय एकही फोटो निघाला नसता. फोटोखाली नाव मात्र एकाच माणसाचे असते.

पस्तीस अंशांची अडचण

काच ओली असेपर्यंतच सारे उरकायचे, हा या पद्धतीचा जाच होता. पापुद्रा वाळला की त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक जमतात, विकासक द्रावण आत शिरत नाही आणि काच निकामी होते. युरोपच्या थंड हवेत फोटोग्राफरला साधारण दहा मिनिटे मिळत. आपल्याकडे किती मिळतील?

येथे वर्गात विचारण्यासारखा एक प्रश्न आहे. इथरचा उत्कलनांक सुमारे ३५ अंश सेल्सिअस आहे. वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दुपारी कोलोडियनची बाटली उघडली तर काय होईल? इथर उकळू लागेल. काचेवर द्रव ओतताच तो पसरण्याआधी आळेल, थर असमान बसेल, त्यावर रेघोट्या उमटतील. तंबूत इथरची वाफ कोंडून माणसाचे डोके गरगरेल, आणि ही वाफ पेट घेणारी असल्याने दिवा जवळ नेणेही धोक्याचे. शिवाय तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो. विकासक द्रावण प्रकाश न पडलेल्या कणांवरही क्रिया करू लागते आणि सारे चित्र धुरकटते.

पाण्याची अडचण वेगळीच होती. विहिरीच्या पाण्यात क्लोराइड असले तर सिल्व्हर नायट्रेटशी त्याची क्रिया होऊन पांढरा साका बसतो. हीच परीक्षा आपण आठवी-नववीच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यावर करून दाखवतो. फोटोग्राफरला ती नको असताना होई. म्हणून पावसाचे साठवलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी जवळ ठेवावे लागे.

उष्ण प्रदेशातील फोटोग्राफरांनी यावर उपाय शोधले. पहाटे आणि सकाळी काम करायचे, तंबूवर ओली कापडे टाकायची, कोलोडियनमध्ये इथरचे प्रमाण कमी करून अल्कोहोल वाढवायचे. शेवटचा उपाय विद्यार्थ्यांनी नीट पाहावा. अल्कोहोलचा उत्कलनांक सुमारे ७८ अंश आहे. दोन द्रावकांचे प्रमाण बदलून वाळण्याचा वेग आटोक्यात आणणे हे उपयोजित रसायनशास्त्रच आहे. युरोपातील पुस्तकात दिलेली कृती येथे जशीच्या तशी चालत नव्हती. इथल्या हवेप्रमाणे ती नव्याने बसवावी लागली.

रुस्लेला या कामात एक अनपेक्षित सहकारी भेटला. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे हे स्वतः फोटोग्राफर होते आणि त्यांनी आपल्या राजवाड्यात फोटोग्राफीची सर्व सामग्री बाळगली होती. त्यांच्याशी बोलताना विषय फोटोग्राफीकडे वळला आणि महाराजा नुसते हौशी नसून या कलेत तरबेज आहेत, असे रुस्लेने नोंदवून ठेवले आहे. कॅमेऱ्यामागे युरोपियन आणि कॅमेऱ्यापुढे भारतीय, असे ठरीव चित्र आपल्या मनात असते. मुंबईचे नारायण दाजी आणि जयपूरचे रामसिंह त्यात बसत नाहीत.

काचेला न दिसणारे रंग

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रकाशाने चांदीच्या क्षारात बदल घडवायचा तर प्रकाशकणाजवळ पुरेशी ऊर्जा हवी. क्षारातील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून मोकळा झाला पाहिजे, मगच चांदीचा आयन त्याला धरून चांदीचा अणू बनतो. सिल्व्हर ब्रोमाइडमध्ये यासाठी सुमारे २.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. सिल्व्हर आयोडाइडमध्ये ती थोडी जास्त लागते. जांभळ्या प्रकाशाच्या कणाजवळ (तरंगलांबी ४०० नॅनोमीटर) ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात, म्हणजे पुरेसे. तांबड्या प्रकाशाच्या कणाजवळ (७०० नॅनोमीटर) जेमतेम १.८ असतात. पिवळा आणि हिरवाही या रेषेच्या अलीकडेच अडतो.

यात एक महत्त्वाचा मुद्दा आहे. तांबडा प्रकाश दुप्पट वेळ किंवा दसपट वेळ पाडला तरी भागत नाही. दोन फुटांची भिंत ओलांडायची असेल तर एक फुटाच्या शंभर उड्या मारून उपयोग होत नाही, तसेच हे आहे. म्हणून तर फोटोग्राफर पिवळ्या-नारिंगी उजेडात काच हाताळू शकत होता. काचेच्या दृष्टीने तो अंधारच होता.

या काचेला निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश तेवढा दिसे. परिणाम काय होतो ते एकेक वस्तू घेऊन पाहू. आकाशातून निळा प्रकाश भरपूर येतो, त्यामुळे फोटोत आकाश पांढरेशुभ्र होते आणि पांढरे ढग त्यात हरवतात. कुंकू फक्त तांबडा प्रकाश परावर्तित करते, म्हणून ते काळे. हळद निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून डोळ्यांना झगमगणारी हळद फोटोत काळपट. भगवा फेटाही तसाच. उलट गडद निळीत रंगवलेले लुगडे डोळ्यांना जेवढे गडद वाटते त्यापेक्षा पुष्कळ फिके येते. झाडांची पाने जवळजवळ काळी येतात. सणाला नटलेल्या माणसांचा फोटो दुखवट्यासारखा दिसू शकतो.

अजिंठ्याचा धडा

हा दोष किती महागात पडे याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. रॉबर्ट गिल हा मद्रासच्या लष्करातील अधिकारी १८४४ सालापासून अजिंठ्याला राहून तेथील भित्तिचित्रांच्या नकला तैलरंगात करीत होता. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. १८६४ साली त्याने काढलेल्या ७४ फोटोंसह जेम्स फर्ग्युसनचे लेण्यांवरील पुस्तक निघाले. नंतरच्या काळात त्याने लोणार, मेहकर, सिरपूर अशा वऱ्हाडातील देवळांचेही फोटो काढले.

१८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला जळून गेल्या. आता पुन्हा नकला हव्या होत्या. फोटोग्राफी तेव्हा सत्तावीस वर्षांची झाली होती आणि गिलजवळ कॅमेराही होता. तरीसुद्धा १८७२ साली सरकारने अजिंठ्याला पाठवले ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी, रंग आणि कुंचले घेऊन.

कारण उघड आहे. लेण्यात उजेड कमी हे एक. दुसरे म्हणजे अजिंठ्याच्या चित्रांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा आणि लाजवर्दाचा निळा असे रंग आहेत. त्या काळच्या काचेवर गेरू, पिवळी माती आणि काजळी हे तिन्ही एकाच काळोखात बुडाले असते आणि लाजवर्दी निळा पांढऱ्याच्या जवळ जाऊन बसला असता. चित्रकाराने योजलेली छायाप्रकाशाची रचनाच उलटीपालटी झाली असती. कोरीव खांबांचे, कमानींचे फोटो गिलने उत्तम काढले, कारण दगडाला आकार असतो. रंगांचे काम मात्र कुंचल्याकडेच राहिले. कोणते उपकरण काय मोजू शकते आणि काय मोजू शकत नाही, हा प्रश्न विज्ञानात नेहमी पडतो. अजिंठ्याला तो कलेच्या अंगाने पडला.

माणसांचे फोटो

भिंतीवरील रंगांचे जे झाले तेच माणसांच्या कातडीचेही झाले. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य निळा प्रकाश जास्त शोषते आणि तांबडा कमी. म्हणून सावळी, गव्हाळ त्वचा डोळ्यांना जितकी उजळ दिसते त्यापेक्षा निळ्यालाच दाद देणाऱ्या काचेवर अधिक काळी येते. गोऱ्या चेहऱ्यांवरचे फिकट वांगही या काचेवर ठळक उमटत.

एखाद्या घरगुती फोटोत याने फारसे बिघडत नाही. पण तो काळ लक्षात घ्या. १८५७ च्या उठावानंतर भारताचा कारभार कंपनीकडून राणीच्या सरकारकडे गेला होता आणि या देशातील लोकांची जातवार, प्रांतवार नोंद करण्याची सरकारला घाई झाली होती. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचे पुस्तक लंडनहून निघाले. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो होते आणि प्रत्येकाखाली त्या त्या समाजाचा स्वभाव, रंगरूप, विश्वासूपणा यांवर शेरे मारले होते. संपूर्ण समाजाची ओळख एका माणसाच्या एका फोटोवरून करून दिली जात होती. रुस्लेनेही परतल्यावर मध्य भारतातील लोकांच्या 'वंशां'वर पॅरिसच्या मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात लेखन केले. माणसांना वंशांच्या खणांत बसवण्याचा तो काळ होता. आजच्या जनुकशास्त्राने हे खण मोडीत काढले आहेत.

फोटो पाहून शेरे मारणाऱ्या साहेबांच्या मनात पूर्वग्रह होतेच, ते काही चांदीच्या क्षारांनी निर्माण केले नाहीत. परंतु त्या पूर्वग्रहांना 'यंत्राचा पुरावा' मिळाला. यंत्र निःपक्षपाती असते अशी खात्री असल्यामुळे त्याचा कल कोणी तपासला नाही. मोजमापातील अशी चूक एकाच दिशेने होत असेल तर कितीही फोटो काढून ती दुरुस्त होत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकाने येथे जरूर सांगावे. वजनकाटाच दहा ग्रॅम जास्त दाखवत असेल तर शंभर वेळा तोलून सरासरी काढल्याने काय होणार?

पॅरिसचे लाकडी ठोकळे

रुस्लेची चित्रे वाचकांपर्यंत पोचली ती आणखी एका चाळणीतून. फोटो थेट छापण्याची सोय तेव्हा नव्हती. आज वर्तमानपत्रात भिंगातून पाहिल्यावर दिसणारे ठिपके, म्हणजे हाफटोन, १८८० नंतर हळूहळू रुळले. त्याआधी फोटोवरून चित्रकार रेखाटन करी आणि कोरक्या ते कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर उलटे कोरून काढी. मग तो ठोकळा खिळ्यांबरोबर छापखान्यात चढे.

रुस्लेचा वृत्तांत पॅरिसच्या 'ल तूर द्यू मोंद' या प्रवासविषयक नियतकालिकात क्रमशः आला आणि १८७५ साली 'लँद दे राजा' या नावाने त्याचा भव्य ग्रंथ निघाला. त्यात ३१७ लाकूडकोरीव चित्रे आणि ६ नकाशे आहेत. त्याच्या फोटोंवरून चित्रे काढणाऱ्यांत एमिल बायार होता. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मधील छोट्या कोझेतचे प्रसिद्ध चित्र याच बायारचे. तो कसलेला चित्रकार होता, पण भारत त्याने पाहिला होता तो रुस्लेच्या फोटोंतून आणि लेखनातून.

या ग्रंथात बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या दरबारातील हत्तींच्या झुंजी आहेत. नख्या बांधून लढणाऱ्या मल्लांची कुस्ती आहे. चित्रे विलक्षण जिवंत आहेत. पण आपण आताच पाहिले की त्या काळच्या काचेला काही सेकंद लागत. झुंजणारे हत्ती काही सेकंद स्तब्ध राहतील का? फोटोत त्यांचा नुसता धूसर पुंजका आला असता. अशा चित्रांतील हालचाल, आकाशातील ढग, गर्दीतील चेहरे हे पॅरिसच्या टेबलावर भरले गेले. वास्तूंची चित्रे मात्र बरीच भरवशाची आहेत, कारण वास्तू हलत नाही आणि कोरक्यापुढे फोटो असे. एकाच पुस्तकात, एकाच शैलीत, दोन वेगवेगळ्या दर्जाचे पुरावे शेजारी शेजारी बसलेले आहेत. ते वेगळे करायला इतिहासाबरोबर थोडे भौतिकशास्त्रही लागते.

पुढे काय झाले

रुस्ले पुन्हा फोटोग्राफर म्हणून गाजला नाही. त्याने भूगोलाच्या क्षेत्रात काम केले. विव्हिएन द सँ-मार्तँ याने सुरू केलेला जगाच्या भूगोलाचा प्रचंड कोश पूर्ण करण्यात त्याचा मोठा वाटा होता. १८५७ च्या उठावाच्या पार्श्वभूमीवर मुलांसाठी त्याने कादंबरी लिहिली. १९२९ साली तो वारला. त्याच्या मूळ फोटोप्रती आता जतन करण्याजोग्या दुर्मिळ वस्तू झाल्या आहेत. त्याच्या ग्रंथातील चित्रे मात्र आजही अनेक पुस्तकांत, बहुधा त्याच्या नावाशिवाय, छापली जातात.

त्याने सोसलेल्या दोन्ही अडचणी तो परतल्यानंतर लवकरच सुटू लागल्या. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरला कोलोडियनच्या वाफांचा त्रास होई. त्याने १८७१ साली कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरण्याची कल्पना मांडली. त्यातून कोरडी काच आली, तंबू गेला आणि पुढे फिल्मचा मार्ग मोकळा झाला. रंगांचा प्रश्न बर्लिनच्या हेर्मान फोगेलने सोडवायला घेतला. १८७३ साली त्याच्या लक्षात आले की काही रंगद्रव्ये मिसळलेल्या काचा हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देतात. रंगद्रव्याचा रेणू कमी ऊर्जेचा प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन क्षाराच्या हवाली करतो. म्हणजे एक फुटाच्या उडीसाठी मध्ये पायरी बांधली गेली. तांबड्यापर्यंतचे सर्व रंग पाहू शकणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले. रुस्ले, गिल आणि नारायण दाजी यांचे फोटो मात्र पायरी बांधण्यापूर्वीचे आहेत.

वर्गात करून पाहा

१. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर निळ्या जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या धरून फोटो काढा आणि तो मोबाइलमध्येच कृष्णधवल करा. समोर एका थाळीत कुंकू, हळद, काजळ, नीळ, पांढरा खडू आणि हिरवे पान ठेवा. मग कागदाशिवाय दुसरा फोटो काढून तोही कृष्णधवल करा. दोन्ही फोटोंत वस्तूंचा उजळपणाचा क्रम लिहून काढा. क्रम कुठे बदलला आणि का, हे विद्यार्थ्यांनी सांगावे. यात खर्च जवळजवळ नाहीच.

२. प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट असेल तर गाळणकागद मिठाच्या पातळ द्रावणात बुडवून वाळवा. मंद उजेडाच्या खोलीत त्यावर कुंचल्याने सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण फिरवा आणि अंधारात वाळवा. कागदाच्या तीन भागांवर निळा, पिवळा आणि लाल जिलेटिन कागद ठेवून पाच ते दहा मिनिटे उन्हात धरा. निळ्याखाली कागद जांभळट-करडा होतो, लाल आणि पिवळ्याखाली फारच कमी. नंतर हायपोच्या द्रावणात बुडवून धुतल्यास चित्र टिकते. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत आणि डोळ्याला ते घातक आहे. द्रावण शिक्षकांनीच हाताळावे, हातमोजे आणि चष्मा वापरावा.

३. इतिहासाच्या पुस्तकातील एकोणिसाव्या शतकाचे कोणतेही चित्र घ्या आणि मुलांना चार प्रश्न द्या. हा मूळ फोटो आहे की फोटोवरून कोरलेले चित्र? आकाश कोरे आहे की ढगाळ? चित्रात कोणी हलताना दिसते का? काळ्या दिसणाऱ्या जागी प्रत्यक्षात कोणता रंग असू शकेल? पहिल्या तिन्ही उत्तरांवरून चित्र कसे तयार झाले याचा अंदाज येतो. चौथ्याचे उत्तर एकच नसते. तिथे एकाहून अधिक उत्तरे का संभवतात हे जो विद्यार्थी कारणासह सांगेल, त्याला फोटो वाचता येऊ लागला असे समजावे.